रात्रीला रात्र

वारलूनं आयुष्यात शंभरेक नाटकं ऐकली होती. पाहिलं एकही नव्हतं. आलापल्लीच्या पुढं, जंगलाच्या कडेला एका लाकूड डेपोवर तो रात्रीचा चौकीदार. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. सारी दुनिया शाली पांघरून मंडपात, आणि हा बापडा सागवानाच्या थप्प्या राखत बसलेला. वाऱ्यासोबत भोंग्याचे जे संवाद येतील, तेवढेच त्याच्या वाट्याचे. नायिका कधी रडणार नि कधी मरणार, हे तो चौकीतल्या शेगडीपाशी बिडी ओढत, खोकत बसून बिनचूक सांगायचा.

यंदा मात्र त्याची थोरली पोरगी रंजीता खैरटोल्याच्या नाटकात पहिल्यांदाच उभी राहणार होती. हे काही नुसतं ऐकायचं नव्हतं.

अडचण ठोक्यांची होती. फाटकापाशी झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. दर तासाला जितके वाजले तितके ठोके त्यावर द्यायचे. पलीकडं क्वार्टरमध्ये डेपोचे साहेब झोपेतही कान देऊन असत. एक तास चुकला की सकाळी बोलावणं, आणि वारलू पडला रोजंदारीवरचा. त्याला घरी बसवायला साहेबांचा एक शब्द पुरे होता.

म्हणून त्यानं दिवसपाळीचा चौकीदार आदेश याला गळ घातली. चौकीदारांचा आपसातला एक जुना कायदा होता. रात्रीला रात्र. माझी रात्र तू कर, तुझी मी करीन. आणि दुसरा आल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नाही.

"जा ना भाऊ," आदेश म्हणाला. "नऊ वाजता येतोच मी. पोट्टीचं पयलं नाटक हाये."

नऊ वाजले. वारलूनं नऊ ठोके दिले. आदेशचा पत्ता नव्हता. फोन लावला, तर रेंज नाही. दहाला दहा मिनिटं असताना खैरटोल्याच्या भोंग्यावर नांदी सुरू झाली, तसा त्याचा धीर सुटला. येत असेल वाटेत, असं मनाशी म्हणत त्यानं घोंगडी स्टुलावर टाकली, सायकल काढली आणि वळणावरून मागच्या अंधाराकडं पाहून ओरडला, "सांभाळजो गा! तुही रात्र मी करीन!"

थप्प्यांच्या आडून "हाव" आलं. वारलू खूश झाला. आला म्हणायचा आदेश.

अर्ध्या वाटेवर त्याला मागून दहा ठोके ऐकू आले, मोकळे आणि अगदी वेळेवर. मग तो बेफिकीर झाला. मंडपात बिछायतीवर मांडी ठोकून बसला, शेजाऱ्याकडून मूठभर शेंगदाणे घेतले. अकराचे ठोके आले. बाराचेही आले. थंडीच्या रात्री लोखंडाचा आवाज तीन किलोमीटर सहज येतो.

एकच्या सुमाराला अंक संपला, दिवे लागले. दोन रांगा पुढं बायकोसोबत आदेश बसला होता.

वारलूच्या हातातले शेंगदाणे खाली सांडले. तो लोकांचे पाय तुडवत पुढं गेला.

"तू इथी काऊन?"

"भाऊ, तुमीच तं..." आदेश गडबडला. "सासरा आला अचानक. म्या किती फोन केले, लागतच नव्हता. मले वाटलं, तुमी डेपो सोडून गेलेच नसान."

"मंग ठोके कोन देऊन राह्यला?"

आदेशनं कान दिला. दूर रानात एकच ठोका पडला. घड्याळात एक वाजला होता.

वारलूला तेव्हाच पळत सुटायला हवं होतं. पण पडदा वर गेला आणि रंजीता आली. हिरव्या लुगड्यात, कपाळावर एवढं मोठं कुंकू. पहिलं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला, मग असा चढला की मागच्या रांगेतली म्हातारी डोळे पुसू लागली. बापाचे पाय उचलेनात. कोणी का देईना ठोके, पडताहेत ना, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढं पुष्कळ दिवस त्याला त्या समजावण्याची लाज वाटत राहिली असती. पण तेवढे दिवस त्याला मिळाले नाहीत.

तो परतला तेव्हा चार वाजून गेले होते. ओल्या सागवानाचा तुरट वास पसरला होता, आणि त्याखाली आणखी एक वास; उकरलेल्या मातीचा. शेगडीपाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगावर वारलूचीच घोंगडी होती, डोक्यावरून ओढलेली.

"पायली पोट्टी?" आवाज फार दिवसांनी वापरल्यासारखा वाटला.

"हाव..."

"नाव काय तिचं?"

"रंजीता."

"उद्या कुठी हाये तिचं नाटक?"

सांगू नये, हे त्याला कळत होतं. पण रात्रभर कुणी आपलं काम केलेलं असलं की माणसाची जीभ मिंधी होते. "देवटोल्यात," तो बोलून गेला.

"उद्या माही रात, ती तू करजो. मी येतपर्यंत जागा सोडजो नोको..."

ते उठलं आणि थप्प्यांमधल्या बोळात शिरलं. घोंगडी सोबतच घेऊन गेलं.

दुसऱ्या संध्याकाळी वारलूनं फोनवर पोरीला विनवलं, नको जाऊ. "गाडीत बसलो बाबा, असं काऊन करता?" ती म्हणाली, आणि रेंज गेली. देवटोला वीस किलोमीटर होता. जावं म्हणून तो तीनदा फाटकाबाहेर पडला आणि तीनदा परत आला. ठोका चुकला, तर त्याला कळेल की मी शब्द मोडला; आणि ते तर तिच्याच समोर बसलं असणार. म्हणून तो ठोके देत राहिला. दहा, अकरा, बारा... प्रत्येक ठोक्याला देवाचं नाव घेत. भीतीनं त्याला रडू येत होतं.

साडेपाचला फोन लागला. पलीकडून तिचा आवाज आला.

"रंजी! बरी हायेस ना मा?"

त्यानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"घरी पोचली? संगं कोनी होतं?"

"बाबाच होते," ती हळूच म्हणाली. "पुढच्या खुर्चीत बसून नाटक पायलं त्याईनं. मंग घरी घेऊन आले. आई चहा मांडून राह्यली त्याईच्यासाठी..."

"रंजी, आयक माह्यं..."

"बाबाचा फोन तुमच्यापाशी कसा?" आता ती कुजबुजत होती. "कोन बोलून राह्यले तुमी?"

वारलूनं तोंड उघडलं. तिच्या मागं खाट कुरकुरली आणि कुणीतरी खोकललं. बिडीनं पोखरलेला, शेवटी शीळ निघणारा तो खोकला त्याचा स्वतःचा होता.