पॉलिसीत न बसणारं पोट

"कसलं ऑपरेशन म्हणालात?" स्वरूपाने काउंटरच्या काचेतून पुन्हा विचारलं.

समोरचा तरुण खाली वाकला. "पोटाचं..."

"पोटाचं म्हणजे? हर्निया? अपेंडिक्स?"

"नाही, पोटावरची — लोंबणारी कातडी काढायचीय. कंपनीच्या इन्शुरन्समध्ये बसेल का?"

तो बोलत असतानाच नेमकी वीज गेली. पंखे थांबले आणि त्याचे शब्द सगळ्या रांगेला ऐकू गेले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तरुणाचे कान लालबुंद झाले. शर्ट पोटापासून सैल ओढत, उत्तर न ऐकताच तो निघून गेला.

स्वरूपाला चुटपुट लागली. चिंचवडच्या त्या हॉस्पिटलात विम्याचं काम बघायला लागल्यापासून तिच्यामुळे असं कुणी कानकोंडं झालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, तर तो समोरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घेत उभा.

"सॉरी हं. खोदून खोदून विचारायला नको होतं मी."

"तुम्ही हळूच विचारलंत हो. मीच बोंबललो." मग हसून, "तर — बसेल का?"

"नुसतं दिसण्यासाठी असेल तर नाही. हर्निया असेल, किंवा कातडीच्या घडीखाली सारखं इन्फेक्शन होऊन औषधांनीही बरं होत नसेल, तर विचार तरी करतात. तसा काही त्रास आहे?"

"त्रास आरशाचा आहे, मॅडम."

ती खळखळून हसली. तो बघतच राहिला...

धनेश मूळचा लातूरचा. महाळुंग्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. लहानपणापासून 'ढोल्या' म्हणून हिणवला गेलेला. दोन वर्षं पहाटे पळून, जिभेला लगाम घालून त्याने वजन जवळजवळ निम्म्यावर आणलं होतं. कातडी मात्र मागे राहिली होती. हे सगळं त्याने तिला हळूहळू सांगितलं — कधी त्या टपरीवर, कधी सांगवीत, तिच्या घराजवळच्या बागेतल्या बाकावर. तोवर 'मॅडम'ची 'स्वरू' झाली होती.

"एवढं का बघतोस माझ्याकडे?"

"बघायला पैसे पडतात का?"

"पडतात. आणि ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाहीत."

एका रविवारी आळंदीहून परतताना पावसाने गाठलं. बाइक खड्ड्यात आदळली, तशी तिने पटकन त्याच्या कमरेला मिठी मारली. ओल्या शर्टाखालचं पोट एकदम आक्रसलं. त्याने तिचा हात सोडवला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

दिवाळीच्या आसपास त्याच्या घरी लग्नाचा विषय निघाला. त्याच बाकावर बसून तो म्हणाला, "आधी ऑपरेशन, मग लग्न. स्वरू, तुझ्या ओळखीतले एखादे डॉक्टर हर्निया लिहून देतील ना?"

"तुला हर्निया नाहीये, धनेश."

"कोण बघायला येतंय?"

"बघतात. आणि सापडलं तर पॉलिसीच रद्द होते. तुझे बाबाही त्याच पॉलिसीत आहेत. त्यांच्या हृदयाचं काही निघालं तर काय करशील? मी हे करणार नाही."

"मी कुणासाठी करतोय हे सगळं? तुझ्यासाठीच ना?"

"मी कधी मागितलं?" तिने हात पुढे केला, अगदी अलगद त्याच्या पोटावर ठेवला. "मला तू... असाही चालतोस."

तो ताडकन उठला. "चालतोस? म्हणजे चालवून घेणार तू मला?"

"अरे, तसं नव्हतं म्हणायचं..."

पण असेच शब्द त्याने आयुष्यभर ऐकले होते. चालेल, भागेल, बघू. तिने फोन केले, मेसेज केले. कारखान्याच्या गेटवरही जाऊन उभी राहिली. तो दुसऱ्या गेटने निघून गेला.

वर्ष उलटलं. एका सकाळी काउंटरवर सावली पडली. शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला, ताठ उभा धनेश. वडिलांना छातीत दुखू लागलं म्हणून ॲडमिट केलं होतं.

पॉलिसी शाबूत होती. स्वरूपाने मुकाट्याने मंजुरीचं काम केलं. मग राहवलं नाही.

"झालं ऑपरेशन?"

"स्वतःच्या पैशांनी केलं. लग्नही ठरलंय, उदगीरची आहे."

तिने मंजुरीचा कागद त्याच्याकडे सरकवला. "अभिनंदन. तिला सांगितलंस?"

"नाही." त्याने नजर वळवली. "टाके दिसतील तेव्हा अपेंडिक्सचं म्हणेन."

या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जाणारा व्रण. अपेंडिक्सचा! स्वरूपाने रोज अशा फायली पाहिल्या होत्या.

"धनेश, माझं प्रेम होतं रे तुझ्यावर. त्या पोटासकट. मला नीट बोलता आलं नाही, एवढंच."

त्याने काचेला हात टेकला. ओठ हलले... पण आतून नर्सने वडिलांचं नाव पुकारलं.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

जाताना जुन्या सवयीने, नकळत त्याने दोन्ही हातांनी शर्ट पोटापासून सैल ओढला, आणि झपाझप चालत आत गेला.