टॅपेट बोलतंय

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. घडलं तसं सांगते. पटलं तर घ्या, नाही तर पुढची गोष्ट वाचा.

आणि हो, अमावस्या नव्हती, वीजही गेली नव्हती. चांगलं उजाडलेलं होतं. भुतं फक्त रात्री येतात म्हणणाऱ्यांनी थंडीतल्या सकाळी जुनी गाडी चालू करून बघावी.

जागा म्हणजे आमच्या घरामागची पत्र्याची शेड. बाबांचं गॅरेज. काळ्या तेलानं निबर झालेली जमीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात बाबांची जुनी गाडी. बाबांना जाऊन महिना व्हायचा होता. गॅरेज दादाकडे होतंच, घरही त्याच्याकडेच राहिलं. माझ्या वाट्याला ही गाडी आली. मला दुसरं काही नकोही होतं. त्या गाडीचा प्रत्येक स्क्रू बाबांच्या हातचा होता, आणि मला तेवढंच त्यांचं सोबत न्यायचं होतं.

मी चावी फिरवली.

ठक… ठक… ठक…

"टॅपेट बोलतंय," मी म्हटलं.

हा शब्द बाबांचा. इंजिनच्या वरच्या भागात छोटे दट्टे असतात, त्यांना टॅपेट म्हणतात. तेल पोचलं की ते गुमान काम करतात. नाही पोचलं की ठकठक सुरू. लोक म्हणायचे, गाडी आवाज करतेय. बाबा म्हणायचे, बोलतेय.

दादा चहाचा कप घेऊन शेडमध्ये आला. त्यानं फळीवरून एक बाटली काढली. तेलात ओतायचं ते औषध.

"ही ओतली की गप्प होईल."

"बाबा आधी बघायचे, का बोलतंय ते."

"बाबा सगळंच बघत बसायचे. म्हणून तर गॅरेज पत्र्याचं राहिलं."

खरं सांगायचं तर बाबासुद्धा बाटलीला नावं ठेवत नसत. म्हणायचे, चिकटा साठून दट्टा अडकला असेल तर बाटलीनं सुटतो. झिजला असेल तर देवाचं तीर्थ ओतलंत तरी सुटायचा नाही. आणि तेलच पोचत नसेल, तर बाटली ओतणारा गाढव.

दादानं तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. "हे बघ, तेल भरलेलं आहे. आता तरी समाधान?"

मग त्यानं बाटली ओतली. थोडा वेळ इंजिन चाललं. ठकठक मंदावली… आणि थांबली.

"आवाज बंद झाला ना?" दादा म्हणाला. "मग झालं तर."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. याच तोंडून. कशाबद्दल, ते मात्र आठवेना.

रात्री झोपताना आठवलं.

बाबांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही. आयुष्यभर गाड्यांचं ऐकणाऱ्या माणसाचं आता कुणी ऐकायचं, तर त्यांना बोलता येईना. पण बाबाच ते. त्यांनी डाव्या हातात दहा-अकरा नंबरचा पाना खुणेनं मागून घेतला. लाल वायर गुंडाळलेला, त्यांचा आवडता. तो ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायचे. भरभर वाजवलं की कूस बदला. सावकाश वाजवलं की पाणी.

ठक… ठक… ठक…

मी लांबच्या गावी नोकरीला. सुट्टी मिळेल तशी यायचे. शेवटच्या काही महिन्यांत येऊन बघावं तर बाबा झोपलेले. पाना कुठे दिसायचा नाही. उशाशी मात्र पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला. मला वाटायचं, वहिनी किती करते!

"पाना कुठे गेला?" मी एकदा दादाला विचारलं होतं.

"हरवला असेल. नवीन औषध चांगलं लागू पडलंय त्यांना. आवाज बंद झाला ना? मग झालं तर."

ते वाक्य हे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. चावी माझ्या हातात होती. गाडीचं दारही अजून उघडलं नव्हतं.

ठक…

मी थांबले.

ठक… ठक…

आवाज बॉनेटखालून येत होता.

इंजिन बंद होतं. मी बॉनेटवर हात ठेवला. गारठणक. आणि तळहाताला तो ठोका जाणवला. आतून. सावकाश, अगदी पेशन्सनं. आजारी माणूस घर झोपलंय म्हणून हळू हाक मारतो, तसा.

"बाबा?"

आवाज थांबला.

मग पुन्हा सुरू झाला. जरा जोरात.

मी दादाला हाक मारली, की किंचाळले, आठवत नाही. तो धावत आला. त्यानंही ऐकलं. उगाच खोटं कशाला बोलू, त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण माणूस हट्टी. म्हणाला, "थंडीनं पत्रा आकसतो. त्याचा आवाज आहे."

"मग आतून माझ्या हाताला कसा लागला?"

त्यानं फळीवरून दुसरी बाटली काढली. झाकण उघडलं आणि बंद गाडीत, थंड इंजिनात, सगळी ओतली. निम्मी तर बाहेरच सांडली.

ठक… ठ…

अर्ध्यावर आवाज थांबला. कुणीतरी तोंड दाबावं तसा.

दादानं कपाळावरचा घाम पुसला. नेहमीचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं, मला दिसलं. पण या वेळी त्यानं ते गिळलं.

त्याच दुपारी मी गाडी घेऊन निघाले. वहिनी थांब म्हणाली नाही. तिची नजर माझ्याकडे नव्हतीच, बॉनेटकडे होती.

रस्त्यात गाडी इतकी शांत चालली की मला भीती वाटू लागली. जुन्या गाडीला काही ना काही कुरबूर असते. हिची काच वाजेना, दार वाजेना. मी रेडिओ लावला तर त्यातूनही आवाज येईना. नुसती शांतता… आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी कोरड्या तोंडानं गिळायचा प्रयत्न करतंय, असा एक बारीकसा…

मी तिकडे बघितलं नाही.

मग एकदम इंजिन जाम झालं. चढावर, उन्हात. गाडी जागची हलेना.

ती ओढून नेली पहिलवानाकडे. पहिलवान म्हणजे बाबांचा तरुणपणापासूनचा दोस्त. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. त्यानं खालचं तेलाचं चेंबर उघडलं आणि मला हाक मारली.

"हे बघ, बाळ. तेल खाली भरपूर आहे. पण ते वर खेचायची जाळी गाळानं चोंदलीय. वर थेंब पोचत नव्हता. ती ठकठक करून सांगत होती, आणि तुम्ही बाटल्या ओतून तिला गप्प केलंत."

"दादानं पट्टी बघितली होती, काका. तेल भरलेलं होतं."

"भरलेलं असून काय उपयोग? तिला मिळत होतं का?"

मला बाबांच्या उशाचा ग्लास दिसला. काठोकाठ भरलेला.

तो नेहमी स्टुलावर असायचा. आणि स्टूल… स्टूल पलंगाच्या उजव्या बाजूला होतं. डावीकडे भिंत.

बाबांची उजवी बाजू गेलेली होती.

मी तिथेच टायरवर बसले. एवढी हुशार मी, एवढी वहिनीचं कौतुक करणारी, आणि मला ग्लास दिसला पण बाजू दिसली नाही. मला संताप आला. दादाचा, वहिनीचा, त्या स्टुलाचासुद्धा.

पहिलवान तोवर वरचं टॅपेट कव्हर खोलत होता. "याला कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "हे सील तुझ्या बापाच्या हातचं आहे. आजारी पडायच्या आधीचं." त्यानं पटाशी घालून कव्हर उचललं.

आणि तसाच थांबला.

आत, दट्ट्यांच्या रांगेशेजारी, एक पाना पडला होता. दहा-अकराचा. लाल वायर गुंडाळलेला.

कोरडा ठणठणीत. तेलाचा डागसुद्धा नाही.

मी वहिनीला फोन लावला. पाण्याबद्दल विचारलं नाही. फक्त पान्याबद्दल विचारलं.

ती रडायलाच लागली.

"छोटी, तो पाना मी माझ्या हातानं भंगारवाल्याला दिला गं. दिवसभर वाजवायचे. पाणी दिलं की सारखी चादर ओली, सारखी धुणी. माझी पाठ मोडली होती. हे म्हणाले, डॉक्टरांनी झोपेची गोळी अर्धी सांगितलीय, आपण पूर्ण देऊ. गप्प पडून राहतील."

"आणि पाणी?"

"ग्लास भरून ठेवायचे ना मी रोज! शप्पथ ठेवायचे."

तिला अजूनही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं, ग्लास त्यांच्या गेलेल्या हाताकडे असायचा.

गाडी मी तिथेच सोडली. पहिलवान म्हणाला, यात आता काही राहिलं नाही. मी फक्त पाना घेऊन आले. तो माझ्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाजवळ ठेवलाय. तो वाजत नाही. मी कान लावून बसते, तरी वाजत नाही. याचं मला बरं वाटावं की वाईट, ते ठरवता येत नाही.

परवा सकाळी दादाचा फोन आला. आवाज ओळखूच येईना.

"छोटी, बाबांचा पलंग मी खोलून माळ्यावर टाकलाय. तरी दांडी वाजते गं. रोज उजाडलं की सुरू. मी ती गोळी घेऊन झोपतो. पूर्ण घेतो. तरी ऐकू येतं."

माझ्या जिभेवर आलं होतं, बाटली ओत म्हणावं. नाही म्हटलं. भाऊ आहे शेवटी.

"पाणी ठेवलंस का?" मी विचारलं.

फोनवर मला ते ऐकू आलं. लांबून, पण स्पष्ट.

ठक… ठक… ठक…

"ठेवलं," दादा म्हणाला, आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "रोज ठेवतो गं. आता माळ्यावर, डाव्या बाजूला ठेवतो. पितच नाहीत."