ओरखड्याचा रियाज

जुन्या रेकॉर्डचा खोका काखेत धरून ती गल्लीतून चालली होती आणि वरच्या खिडकीतून सॅक्सोफोन ऐकू आला. तिचे पाय आपोआप थांबले. हा सोलो तिला तोंडपाठ होता. जुन्या जॅझमधला. आधी गाण्याची साधी चाल येते. मग सॅक्सोफोन त्या चालीचं बोट सोडतो, मनाला येईल त्या बोळात शिरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, चुकला बरं का आता हा... तेवढ्यात तो भलत्याच वळणावरून हसत घरी परततो.

वरचा वाजवणारा छान वाजवत होता. श्वाससुद्धा जिथल्या तिथे. मग एक तुकडा आला. तो त्याने वाजवला. परत वाजवला. परत, अगदी तस्साच. आणि खट्कन उडी मारून पुढे गेला.

ती इतक्या मोठ्याने हसली की खिडकी पूर्ण उघडली आणि एक तरुण डोकावला. गळ्यात सॅक्सोफोन, कपाळावर चढवलेलं घड्याळजीचं भिंग, केस विस्कटलेले.

"काय झालं हसायला?"

"तुमची सुई अडकली!"

"कसली सुई?"

"रेकॉर्डवरची. तो तुकडा एकदाच आहे हो. तुमच्या तबकडीवर ओरखडा आहे."

"अहो, तीच तर जान आहे या सोलोची! तो एकच गोष्ट तीनदा सांगतो, कारण... कारण त्याला ती सोडवत नाही."

"त्याला नाही, सुईला सोडवत नाही. खोटं वाटत असेल तर कोपऱ्यावर या. जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे ना, ते माझ्या मामाचं. आणि मला सगळे सुईच म्हणतात, तेव्हा या बाबतीत माझा शब्द शेवटचा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. चेहऱ्यावर भांडायची पूर्ण तयारी. दुकानात जुन्या पुठ्ठ्यांचा वास होता, दोन खुर्च्या होत्या आणि मामांचा एक नियम होता — सोलो चालू असताना जो बोलेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. मामांनी त्याच सोलोची दुसरी तबकडी फडक्याने पुसली, सुई अलगद ठेवली.

तो तुकडा आला आणि पाण्यासारखा वाहून गेला. एकदाच.

घड्याळजीचा चेहरा उतरला. सोलो संपेपर्यंतही त्याला धीर निघाला नाही.

"म्हणजे वर्षभर मी ओरखड्याचा रियाज केला?"

"चहा तुमच्याकडे लागला," मामा म्हणाले.

ती पुन्हा हसणार होती, पण त्याच्याकडे पाहून तिने हसू गिळलं. चहा करता करता त्याने सगळं सांगितलं. नाचाच्या हॉलमधल्या बँडमध्ये सॅक्सोफोनची जागा रिकामी होती. बँड चालवणाऱ्या बाईंनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. 'नक्कल उत्तम. स्वतःचं काही असेल तेव्हा ये.' रविवारी शेवटची संधी. मग ती जागा दुसऱ्याला जाणार.

"दिवसभर मी घड्याळं दुरुस्त करतो. चाक जिथलं तिथेच बसवायचं, एवढंच मला येतं. स्वतःचं म्हणजे काय असतं हो?"

तिला वाजवता येत नव्हतं. पण ऐकण्यात तिचा जन्म गेला होता.

"आज तुमच्या दुकानात काय झालं ते सांगा बघू."

"काही नाही. एक गृहस्थ आले. म्हणाले, घड्याळ रोज मागे पडतं, प्रत्येक ठिकाणी मला उशीर होतो. मी उघडून पाहिलं, आणि..." तो थांबला.

"आणि?"

"घड्याळ ठणठणीत! माणूसच मागे पडत होता."

"बघा! 'आणि' म्हणून तुम्ही थांबलात, मी खुर्चीत पुढे सरकले. तुम्हाला हे कोणी शिकवलं होतं? सोलो म्हणजे तेच. ठरलेल्या चालीवर उभं राहून समोरच्याला काहीतरी सांगायचं. कुठे थांबायचं, कुठे धावायचं, ते ऐकणाऱ्याकडे बघून ठरवायचं."

"ऐकणाऱ्याकडे बघून?"

"हो."

त्याने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. चहा उतू गेला.

मग तो रोजच येऊ लागला. ती रेकॉर्ड लावायची आणि हळूच बोट वर करायची. आता ऐका, हा मुद्दाम ठेक्याच्या मागे राहतोय... आता बघा, एकच स्वर धरून बसलाय, हट्टी मुलासारखा... तो ऐकायचा, वाजवायचा, फसायचा. ती रागावायची. "परत पाठ केलेलं! मला सांगताय की भिंतीला?" 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मामांना कळलं.

"घड्याळजी, आमच्या भिंतीवरचं घड्याळ एकदा बघाच. तुम्ही आलात की भलतंच पळतं."

रविवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये टेबलांवर खुर्च्या उलट्या मांडलेल्या होत्या. बाई पियानोवर बसल्या होत्या, केस पांढरे, नजर धारदार. मामा आणि ती मागे भिंतीला टेकून उभे. पियानोने चाल धरली, ड्रमवाल्याने ठेका. सोलोची वेळ आली आणि घड्याळजीने — अरे देवा — पाठ केलेलाच तुकडा काढला. बाईंची भुवई वर गेली. त्यालाही कळलं. तो थांबला.

ठेका चालूच. त्याचा सॅक्सोफोन गप्प.

मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एक छोटा, टोकदार स्वर काढला, कोणीतरी जाब विचारल्यासारखा. मग स्वरांची एक सर आली, धडाधड, श्वास न घेता. पुन्हा शांतता. मग आणखी एक टोला!

हे कुठे ऐकलंय आपण? ती आठवू लागली. कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं. शेजारी मामा हसून हसून गदगदत होते.

"मामा, कोणाचा सोलो आहे हा?"

"अगं, सकाळी याच्या खिडकीखाली दूधवाल्याशी भांडलीस ना, तो!"

ती लाजून लाल झाली. तेवढ्यात सॅक्सोफोनचा सूर खाली उतरला, मऊ झाला. आवडता सोलो संपल्यावर ती डोळे मिटून 'हं...' म्हणायची, तो 'हं' आला. लांब, उबदार. दोघं एकटे असताना त्याने कधी ऐकला, कधी जपून ठेवला, कोण जाणे.

पियानो थांबला.

"हे कुठल्या रेकॉर्डवरचं?" बाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही, बाई. ही बोलते तसं आहे."

"पाठ झालंय?"

"छे! रोज नवीन असतं."

"मग जागा तुझी," बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "मुली, घसा सांभाळ. आता आमचा बँड त्याच्यावर चालायचा आहे."

बाहेर ऊन होतं, वारा होता. मामांना अचानक काहीतरी काम आठवलं आणि ते भराभर पुढे निघून गेले. ती गप्प चालत होती. तोही. सॅक्सोफोनची पेटी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"रागावलीस?"

ती चालतच राहिली.

"हे बघ, मला सरळ विचारता येत नाही. म्हणून तिथे वाजवलं. पण आता विचारतो. जन्मभर... माझ्याशी अशीच भांडशील?"

ती थांबली. पायाकडे बघत राहिली.

"अगं, बोल ना काहीतरी! तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

"थांब रे जरा. विचार करतेय."

"कसला?"

तिने मान वर केली. डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"'हो' कुठल्या सुरात म्हणू, त्याचा."