मंगळवारचा एबो

केप कोस्टच्या बाजारात, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या टपरीपुढे अराबाचा धक्का लागला आणि मागच्या तरुणाच्या हातातली तळलेली मासळी थेट वाळूत गेली.

"अहो, समुद्रात परत पाठवायची होती तर मलाच सांगायचं!" तो हसला. हसताना त्याचे डोळेही हसत होते, हे तिने उगाचच पाहून ठेवलं.

"भरून देते. नाव?"

"फीफी. शुक्रवारचा. आणि तुम्ही?"

"अराबा. मंगळवारची... आणि माझं मंगळवारच्याशीच जमलंय!" तिने तोऱ्यात सांगून टाकलं.

जमलं होतं ते एबोशी. जन्मवारावरून नाव ठेवणाऱ्या त्या गावात मंगळवारची मुलगी अराबा, तर मुलगा एबो. फोनवर ओळख झाली तेव्हा अराबा या योगायोगावरच भाळली होती. भेट अजून व्हायची होती. पण शिलाईच्या दुकानासाठी साठवलेलं सगळं ती आज त्याने सांगितलेल्या गुंतवणुकीत घालणार होती.

फोन वाजला. काखेत कापडांचं गाठोडं, म्हणून तिने स्पीकर लावला.

"राणी, तुझ्या फोनवर आकडे आलेत ना? वाच पटकन. आज माझा वाढदिवस... एवढी भेट दे!"

"अय्या! आधी नाही सांगितलंस?"

"रविवारी जन्मलो मी, चर्चच्या घंटा वाजत होत्या... वाच ना! पहिला आकडा?"

"सात—"

पुढचा आकडा तिने वाचलाच नाही. रविवारी? रविवारच्या पोराला कुठली आई एबो म्हणेल?

"रविवारचा तर क्वेसी असतो," ती पुटपुटली. "तू... तू आहेस तरी कोण?"

पलीकडून एक घाणेरडी शिवी आली आणि फोन बंद झाला.

अराबा गाठोडं खाली टाकून त्यावरच बसली. पैसे वाचले होते. पण ज्या माणसावर तिने जीव टाकला, तो या जगात नव्हताच!

"आधी खात्याचा गुप्त क्रमांक बदला," फीफी म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "मग खुशाल रडा. मी आहे इथे."

त्या वाचलेल्या पैशांतून अराबाने शिलाईचं दुकान थाटलं आणि फीफीच्या पँटची शिवण वरचेवर उसवू लागली. धडधाकट शिवण अशी कशी उसवते, हे अराबाला कळत होतं... आवडतही होतं. एका सकाळी त्याने धीर करून फोनवर लिहून पाठवलं, 'मला तू आवडतेस. होकार कळव.'

थोड्याच वेळात तो धापा टाकत दुकानात हजर!

"तू... तू मला ब्लॉक केलंस?"

"केलं." तिने शिलाईवरून नजर उचलली नाही. "फोनवर मागणाऱ्याला मी आता काही देत नाही. काय मागायचं ते समोर माग."

दुकानातल्या बायकांनी कान टवकारले.

"मी... म्हणजे मला... अगं, प्रेम आहे माझं तुझ्यावर!"

मागायचं मात्र राहूनच गेलं. अराबाने सुई खाली ठेवली आणि त्याने न मागताच आपला हात त्याच्या हातात दिला.