कोरा फर्मा

झेरॉक्सवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून मी शेजारचा जिना चढले. पाटीवर ग्रंथबांधणी असं काहीतरी लिहिलेलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

वर दोनच खोल्या. तळ्यावरचं ऊन खिडकीतून शिरून छतावर हलत होतं. खळीचा आणि जुन्या कापडाचा मंद वास… काचेच्या कपाटांत पोथ्या, तळहातावर मावतील एवढी पंचांगं, सोनेरी अक्षरं उमटवायचे पितळी ठसे. मधल्या टेबलाशी एकजण वाकून एका पुस्तकाच्या पाठीवरची जुनी खळ हलकेच खरवडत होता.

"स्पायरल बाइंडिंग करता का?" मी विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली. "हळू बोला. इथली पुस्तकं ऐकतील."

ते दुकान नव्हतंच, संग्रहालय होतं. त्याचं नाव मितेश; त्याच्या आजोबांनी या खोल्यांत जन्मभर पुस्तकं बांधली. ते गेल्यावर सगळे भंगारवाल्याला बोलवा म्हणत होते, आणि याने कपाटं बोलावली. आठवडाभर बेलापूरला नोकरी, शनिवारी संग्रहालय. घर गुजराती, मराठी मात्र पनवेलच्या बाजारातलं.

"तिकीट आहे," तो म्हणाला. "पण हातातले कागद दाखवलेत तर माफ."

ते माझ्या जनीमावशीचे धवले होते, लग्नातली गाणी. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत गाते ती धवलारीण, आणि सुकापुरात धवलारीण म्हटलं की जनीमावशी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिची गाणी ऐकून ऐकून मी उतरवून घेतली होती.

मितेश उभ्याउभ्याच वाचत राहिला. ओठ हलत होते त्याचे. मी कपाट बघायचं नाटक केलं आणि काचेत तोच दिसत राहिला.

"पाठवणी कुठाय?" त्याने शेवटचं पान उलटून पाहिलं.

"ते गाणं नवरी उंबऱ्यात उभी असल्याशिवाय ती म्हणत नाही. तिचा नियम आहे. आणि आता दम लागतो, म्हणून लग्नात गाणंच सोडलंय. म्हणते, आता एकच पाठवणी गाईन."

"कुणाची?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "माझी."

"अच्छा… म्हणजे पुस्तक तुमच्यामुळे अडलंय."

"अडू दे की. तुम्हाला काय घाई?"

"मला? छे." तो हसला. "स्पायरल नाही, मी शिवून देईन. पण तुम्हाला बरोबर बसून शिवावं लागेल. इथला नियम आहे."

"कुणी केला?"

"आत्ताच केला."

मग शनिवार येऊ लागले. चार कागद एकात एक दुमडले की झाला एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवायचे की पुस्तक. टेबलावरच्या लाकडी चौकटीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. तो बाहेरून सुई आत द्यायचा, मी घडीच्या आतून ती घ्यायची आणि परत बाहेर द्यायची. मधे कागद… त्याची बोटं दिसायची नाहीत, फक्त सुई यायची, थोडीशी कोमट.

"घट्ट ओढा."

"तुटेल."

"मेण लावलंय दोऱ्याला. ओढ तू."

त्या 'तू'कडे आम्ही दोघांनीही लक्ष नसल्यासारखं केलं. छतावरचं ऊन मात्र उगाच थरथरत राहिलं.

सगळी गाणी शिवून झाली तेव्हा एक फर्मा उरला, कोरा, पाठवणीसाठीचा. मी तो चौकटीवर ठेवला, पण मितेशने सुई उचलली नाही.

"किशोरी, याची आपण पोथी करूया का?" तो टेबलाकडे बघत म्हणाला. "पोथी शिवत नाहीत. सुटी पानं, वरखाली फळ्या, रुमालात बांधायची. तुझं लग्न होईल… कुणाशीही होवो, तेव्हा ते पान आत सरकवायचं. काही अडणार नाही."

"आणि इतके शनिवार शिवलं ते?"

"उसवता येतं."

मी उठले. "तुला उसवायचंय?"

तो बोटांवरची वाळलेली खळ सोलत राहिला. "मावशी ते गाणं तुमच्यातल्या कुणाच्या हाती तुला देताना म्हणतील. माझ्यासारख्यासमोर त्यांनी तोंड मिटून घेतलं तर? त्या गाण्याविना तुला नेणं मला नाही जमायचं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. कान लाल झाले.

"म्हणजे न्यायचंय," मी म्हटलं.

"कधीचं."

"मग उसवू नकोस."

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत होती, निवडतच राहिली. आठवडाभर ना हो, ना नाही. मला जेवण गोड लागेना. तिने नाही म्हटलं असतं, तर मी तिच्याशिवाय उंबरा ओलांडला असता का… हे मी स्वतःलाही विचारत नव्हते.

शनिवारी ती इरकली नेसून दारात उभी. "चल. तुजा दुकानवाला दाखव."

"दुकान नाय मावशी, संग्रहालय—"

"तेच ते."

जिना चढून ती धापा टाकत खुर्चीत बसली. मितेशने पाणी दिलं, पाया पडला, आणि कुठे उभं राहावं ते न कळून पुस्तकं दाबायच्या प्रेसच्या दांड्याला धरून उभा राहिला. मावशीने चौकटीवरच्या पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"कोनी शिवलं?"

"दोघांनी."

"टाके सारके हायेत." तिने कोरा फर्मा उचलला. "आन ह्यो कशाला उरवलाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सरळ तिच्याकडे. "तुमच्यासाठी, मावशी. तुम्ही गाणं नाही दिलंत तरी मी किशोरीला मागणार आहे. आज नाही म्हणालात तर पुढच्या शनिवारी परत मागेन. पण तुमच्या मनाविरुद्ध तिला नेणार नाही."

मावशीने कोरा फर्मा मांडीवर ठेवला. खालून एका रिक्षाचा हॉर्न वाजला.

"तुज्या आयशीचं नाव काय?"

तो गोंधळला. "रंजन… रंजनबेन."

मी टेबलाची कड घट्ट धरली. पाठवणीच्या गाण्यात पहिलं नाव नवऱ्याचं येत नाही, सासूचं येतं. आधी तिच्या पदरात लेक घालायची, मग बाकीचं. हे मला ठाऊक होतं. त्याला कुठलं असायला?

"रंजनबाय…" मावशीने डोळे मिटले. मांडीवर बोटांनी ठेका धरला. "रंजनबाय गो… हं. बसतंय."

"काय बसतंय?" मितेशने मला हळूच विचारलं. मी नुसती हसत डोळे पुसत होते. मग त्याला कळलं बहुतेक, कारण तो एकदम खाली, मावशीच्या पायाशी बसला.

"आणि माझं नाव, मावशी?"

"तुजं मागून." तिने डोळे उघडलेच नाहीत. "आदी आयशीला घेऊन ये घरी. मना बगू दे, लेक कोनाच्या पदरात घालायची हाय."