धाकमापक

सोलापुरात कर्जवसुली तपासणाऱ्या सरकारी पतनियमन प्रयोगशाळेत बचत गटाच्या बाया ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मनगटावर एक पांढरी पट्टी होती. तोच धाकमापक. गटाची प्रमुख हौसाक्का तेवढी पट्टीविना, पदर खोचून उभी होती. कर्जकंपनीच्या वसुलीवाल्यांना गल्लीतून हाकलून वसुलीचा परवाना गटाच्या नावे घ्यायचा, या हट्टापायी तिनं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आज निकाल होता.

"हे ओळखतं कसं, डॉक्टर?" परवाना देणारे अधिकारी रणपिसे यांनी विचारलं.

"तोंड खोटं बोलतं, रक्त बोलत नाही," डॉ. केळुसकर म्हणाल्या. "माणूस घाबरला की रक्तात एक द्रव्य उतरतं. पट्टी ते कातडीवरून मोजते. मर्यादा ओलांडली की तांबडी होते."

"नवा कायदाही तेवढंच बघतो," रणपिसे म्हणाले. "शिवी दिली का, हात उगारला का, हे शाबीत करत बसायला नको. ज्याच्या बोलण्यानं पट्टी तांबडी, त्याला जन्मभर वसुली बंद."

"मग लावा की त्या वसुलीवाल्या मेल्याचा टिपलेला आवाज! मुहूर्त बघताय का?" हौसाक्का म्हणाली.

आवाज लागला. 'ताई, हप्ता राहिलाय बरं का.' एकही पट्टी बदलली नाही. टोकाच्या दोघी तर चक्क हसल्या.

हौसाक्का तरातरा पुढे आली. "यंत्र बिघडलंय तुमचं!"

"असेल. तुमच्या गटात हप्ता थकला तर काय करता, अक्का?" डॉ. केळुसकरांनी विचारलं.

"करायचं काय? ही शेवंता थकली, तर अख्खा गट घेऊन हिच्या उंबऱ्यावर बसले. सासऱ्यादेखत. चूल पेटू दिली नाही. दिवेलागणीच्या आत शिलाई मशीन विकून पैसे घेऊन आली पठ्ठी! शिस्त लागते, बाई, शिस्त."

डॉक्टर शेवंताच्या मनगटाकडे बघत राहिल्या. पट्टी तांबडी झाली होती.

हौसाक्का शेवंताकडे वळली. "शेवंते, माझा धाक वाटतोय तुला? तुझ्या बाळंतपणात उशाशी कोण बसलं होतं गं?"

"नाही वाटत, अक्का." पट्टी आणखी गडद झाली.

"तुम्ही तरी सांगा गं! कुणाला भ्या वाटतंय माझं?"

"कुणालाच नाही, अक्का," सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ तांबडी होत गेली.