मुक्या घंटेचा शुक्रवार

पूर्वेला झुंजुमुंजू झाले, तेव्हा कोरांटच्या कोटावरून खाडी शांत दिसत होती; पण वाऱ्याला दोन महिन्यांच्या वेढ्याचा दर्प होता, कोरड्या टाक्यांचा, ओल्या दारूगोळ्याचा आणि घाईने पुरलेल्या माणसांचा. तीन बाजूंना खारे पाणी आणि चौथ्या बाजूला घाटावरून उतरलेल्या फौजेचे मोर्चे, अशा त्या चिमुकल्या फिरंगी ठाण्यात आता फिरंगी असा उरलाच नव्हता. कपितान पहिल्याच पंधरवड्यात रसद आणतो म्हणून गलबतात बसला तो गेलाच, आणि मागे राहिले ते इथल्याच मातीतले किरिस्ताव, कालपरवापर्यंत भात लावणारे, मीठ पिकवणारे, साठ-सत्तर पुरुष आणि त्यांची बायकापोरे.

गोलंदाज बस्त्यावची बायको रुजाय देवळाच्या पडवीत चार महिन्यांच्या इस्तेवच्या छातीवर तळहात ठेवून बसली होती. पोराचा श्वास डोळ्यांना दिसत असला तरी हाताला कळल्यावाचून तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. तिचा थोरला भाऊ इनास कोटाचा हवालदार. खाडीकडच्या दिंडीची, म्हणजे लहान दरवाज्याची, किल्ली त्याच्या कमरेला असे. इस्तेवला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानेच धरले होते. तो मुलाचा धर्मपिता होता, त्याला सांभाळण्याचे वचन देवापुढे दिलेला.

कोटात घंटा एकच, देवळाची. गनीम तटाला भिडला की तीच बडवायची, असे ठरले होते. पण प्रभूच्या मरणाच्या दिवसांत, गुरुवारच्या मिस्सेच्या उपासनेपासून पुनरुत्थानापर्यंत, घंटेला हात लावायचा नाही, लाकडी टकटकी वाजवून लोकांना प्रार्थनेला बोलवायचे, ही वाडवडिलांची रीत. आज पवित्र शुक्रवार होता, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील हे एकाखेरीज कुणाच्याही ध्यानात आले नव्हते.

मनोऱ्यावरच्या मिंगेल म्हाताऱ्याला दिंडीकडे सरकणारे मचवे दिसले. त्याचा हात घंटेच्या दोराकडे गेला आणि थांबला. त्या हाताला साठ उपवासकाळांची सवय होती. त्याने टकटकी उचलली आणि जिवाच्या आकांताने वाजवली. तटावरच्या लोकांनी ती ऐकली, बंदुका भिंतीला टेकवल्या, वहाणा काढल्या आणि ते देवळाकडे निघाले. म्हाताऱ्याला आज स्वर्गाची घाई झालेली दिसते, असे कुणी म्हणाले, कुणी हसलेही.

तोवर दिंडी उघडली होती. फोडली नव्हती, किल्लीने उघडली होती.

तोफेपाशी राहिला होता एकटा बस्त्याव. पोटात भाला घेऊन तो पडला. दोघांनी त्याला ओढत देवळात आणले. सूर्य वर येईतो निशाण बदलले, देवळाच्या दारावर पहारे बसले आणि आतल्या सर्वांना बंदिवान करून घाटावर नेणार, असा पुकारा झाला.

मग इनास आत आला. हातात कागद होता.

"रुजाय, ऊठ. सरदारांच्या शिक्क्याचा अभयाचा कौल आहे. एक बाई आणि एक मूल, माझ्यासोबत पैलतीरी."

जमिनीवरून बस्त्याव बोलला, "दिवस मात्र नेमका निवडलास, इनास. परक्याला हा सुचला नसता."

"टाकी आटली होती, दाजी," इनास त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आठ दिवसांत पोर गेलं असतं. ते मी बघत बसायला हवं होतं?"

रुजाय गुडघ्यांवर आली आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणू लागली. मागोमाग सगळे देऊळ म्हणू लागले. अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी तिची जीभ अडली, आणि तिच्याबरोबर सगळेच थांबले. ओळ नुसती म्हणणे अवघड नव्हते. पण ती खरी करायची, तर हातात जे होते ते याच माणसाच्या हातात द्यावे लागणार होते. तळव्याखाली पोराचा श्वास कोरडा, भराभर चालला होता. कितीतरी वेळाने ती ओळ तिने एकटीने म्हटली, आणि उठली.

"दादा, यांना असं टाकून मी येणार नाही. माझ्या जागी नातालीन येईल." नातालीनचे तान्हे गेल्याच आठवड्यात तापाने गेले होते; तिला अजून दूध होते. "पोर तुझ्या हातात देते. तू केलंस ते मी विसरलेय असं समजू नकोस. पण बाप्तिस्म्याला देवापुढे जे बोललास, ते याच्यापुरतं तरी पाळ."

इनासने कागद कमरेला खोचला आणि हात पुढे केले.

"मला शिव्या दे, रुजाय."

"वेळ नाही. त्याचं डोकं सांभाळून धर."

दुपारी तिसऱ्या प्रहरी बस्त्याव गेला. प्रभूचीही हीच घटका, असे बायका हलक्या आवाजात म्हणाल्या. रुजायला त्यात धरण्यासारखे काही सापडले नाही. मिंगेलला कुणी बोल लावला नाही, आणि तोही त्यानंतर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माणसे दोरीने एकमेकांना बांधून घाटाच्या वाटेला लावली. इनासचा मचवा पैलतीरी लागलेला पाहिला, असे एक जण सांगे. त्याच्या पाठोपाठ शिपायांनी भरलेला दुसरा मचवा सुटला होता, असे दुसरा सांगे. खात्रीचे सांगणारा कुणी भेटला नाही.

पुनरुत्थानाच्या सकाळी घाटाच्या मध्यावर मुक्काम पडला. रुजायची छाती दगडासारखी झाली होती, चोळी भिजली होती. एका खडकाआड बसून तिने दूध पिळून कोरड्या मातीत सोडले, आणि प्रार्थना केली. आधी भावाचे नाव घेतले, मग मुलाचे. कारण मुलाचे जगणे आता भावाच्या भल्यावाईटावर होते. पहारेकऱ्याने दोरीला हिसका दिला. तिने हात पदराला पुसले आणि ती चालू लागली.